डबड्यात एकादशी नाही

१२ जाने.

दूध संघानं आज डेअरीला कंप्युटर दिला. खिशातला. देणाऱ्यानं एवढाबी विचार केला नाही की इथली सचिव बाई आहे आन् साडीला खिसा नसतो.

घेऊन आला तो नवा सुपरवायझर, अमोल. पंचविशीचा असेल. डेअरीत बूट घालूनच आत आला. कुणी काही बोललं नाही, मीच बोलले. मग पिशवीतनं ते असं हळू काढलं जसं काही बारशाचं लेकरू. काळं, गुळगुळीत, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं. सोबत प्लॅस्टिकची काडी. तिनं काचेवर टोचायचं. बोटानं टोचलं तर ऐकत नाही, एवढं सोवळं.

"मॅडम, आता रजिस्टर विसरायचं."

म्हणलं, "इसरते. लाईट गेल्यावर कुणाला आठवायचं तेवढं सांगून जा."

हसला. दात चांगले आहेत त्याचे.

१३ जाने.

सकाळी रांग पार लिंबापर्यंत. थंडीत माणसं कॅन घेऊन कुडकुडत उभी आणि मी आपली टोचतेय. नाव शोधा, टोचा. लिटर टोचा. फॅट टोचा. एवढं झालं की ते विचारतं, शुअर? शुअर नाही तर काय, म्हशीला जाऊन परत विचारू?

चेअरमन आबा रांगेत तिसरे होते. म्हणाले, "सुमनबाई, म्हस मोकळी झाली, मी मोकळा झालो, तुमचं टोचणं काय उरकंना." लोक हसले. आबा बोलले की लोक हसतातच, सहा म्हशी आहेत त्यांच्या.

नावं सगळी इंग्रजीत. शेजारच्या रुक्मिणचं नाव अर्धंच बसलंय. माझी म्हैस माझ्या बापानं दिलेली, माहेरची, आणि ह्या डबड्यात नाव माझ्या नवऱ्याचं. अमोलला विचारलं तर म्हणतो, सातबारा ज्याच्या नावावर त्याचं घेतलंय. म्हैस सातबाऱ्यावर उगवते हे मला माहीत नव्हतं.

१६ जाने.

लाईट दोन दिवस नुसती रात्रीचीच, तेव्हा डेअरी बंद. डबडं मेलं. चार्जिंगला लावून उठवलं तर पोटात काही नाही. नावं नाहीत, लिटर नाही, कोरं करकरीत. मी चोरून रजिस्टर लिहीतच होते, म्हणून बरं. सगळं परत टोचलं. मान अवघडली.

चौसाळ्याला संघाच्या ऑफिसात फोन लावला. अमोल: "मॅडम, रोज चार्ज करत जा."

"लाईट रोज देत जा म्हणावं त्यांना."

तर म्हणे ते डिपार्टमेंट वेगळं.

१७ जाने., शनि.

दर शनिवारी डबडं दुधाच्या गाडीतनं चौसाळ्याला जायचं, तिथं त्याला पाळण्यात ठेवायचं. खरंच, अमोल त्याला पाळणाच म्हणतो. पाळण्यात ठेवलं की आठवड्याचं सगळं मोठ्या कंप्युटरात ओकतं, आणि संध्याकाळी परत. गाडीवाले शब्बीरभाई ते मांडीवर घेऊन गेले. म्हणाले, "भाभी, इतकी वर्षं दूध नेलं, कधी बाळ नेलं नव्हतं."

पाण्याचा टँकर आज आला नाही. कडब्याची शेवटची गंजी उघडली. आबांनी कडा गावाकडनं चाऱ्याला उसाचं वाढं आणवलंय, पण ते आबांच्या म्हशींना.

ह्यांना डबडं लई आवडलंय. पानटपरीवर नेऊन दाखवू का विचारत होते. एरवी डेअरीचा एक कॅन उचलायला सांगितलं तर कंबर धरते.

२१ जाने. एकादशी.

एकादशीचं दूध गाव विकत नाही, म्हणून आज काम नाही असं वाटलं होतं. सकाळी सगळं दूध मारुतीच्या पारावर गेलं. मोठ्या पातेल्यात तापवलं. ज्यांच्या दारात जनावर नाही ती घरं तांब्या घेऊन आली. औंदा दुष्काळ, अशी घरं जास्ती. निम्मं गाव कारखान्यावर गेलंय ऊस तोडायला, मागं म्हातारी आणि पोरं. गयाबाई तीन नातवंडं घेऊन आलती. धाकटं तिच्या पदराआडनं बघत होतं.

मग डेअरीत येऊन डबडं उघडलं. कोरं चालत नाही त्याला. म्हणे आज दूध का नाही, कारण निवडा. कारणं चार. संप. गाडी आली नाही. जनावर आजारी. इतर. 'इतर' टोचलं तर परत पहिल्या पानावर. एकादशी नाही. गावागावात म्हशी आहेत, म्हशीगणिक दूध आहे, पण कॅलेंडर कुणाच्या घरात नाही असं धरून बनवलंय.

संप म्हणायची लाज वाटली. गाडी आली नाही म्हणावं तर शब्बीरभाईच्या पोटावर पाय. टोचलं 'जनावर आजारी'. सगळ्यांच्या नावापुढं. विचारलं, शुअर? म्हणलं, शुअर.

२६ जाने.

झेंडावंदन झालं आणि जीप आली. जनावरांचे डॉक्टर, दोन माणसं, इंजेक्शनची पेटी. शनिवारी डबडं पाळण्यात गेलं ना, त्यानं सांगितलं की ह्या गावातली सगळी जनावरं एकाच दिवशी आजारी पडली. साथ! संघानं कालचं आणि आजचं आमचं दूध घेतलंच नाही. शब्बीरभाई रिकामे परत गेले. दोन दिवसांचं दूध, ह्या दिवसांत. रुक्मिणनं दही लावलं, तूप कढवलं, तरी निम्मं नासलं.

डॉक्टरांनी माझ्याच म्हशीच्या तोंडात हात घातला. म्हणाले, "हिला काय झालंय? हिला खायला नाही एवढंच झालंय." हुशार आहेत.

आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "सचिवबाईला मशीन जमंना." माझीच टोच होती. लई संताप आला, रात्री जेवण गेलं नाही.

२७ जाने.

अमोल आला. बूट बाहेर काढले. एवढं तरी शिकला.

"मॅडम, असं खोटं कारण का टाकलं?"

"खरं कारण टाकायला जागा ठेवली असती तर टाकलं असतं." सांगितलं त्याला. माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं ह्या गावात एकादशीचं दूध विकत नाहीत. महिन्यातनं दोनदा पारावर जातं, बिनजनावराच्या घरांना. पूर्वी रजिस्टरात पानभर 'एकादशी' लिहायचे, संघात कुणी विचारत नव्हतं.

त्यानं ऐकून घेतलं, डोळे डबड्यावरच. "सिस्टिममध्ये असं कारण नाही ना. पुण्याच्या कंपनीला कळवतो, पुढच्या वेळी टाकतील." पुढच्या वेळी म्हणजे कधी? तर माहीत नाही.

मग नियम सांगितला. सगळ्या डेअरीचं शून्य दुसऱ्यांदा आलं की केंद्र लाल. तिसऱ्यांदा आलं की गाडी बंद. हे पहिलं धरलंय.

५ फेब्रु. एकादशी.

खोटं लिहायचं नाही असं ठरवलं. एकेक नाव काढून पुढं शून्य. आबा शून्य. रुक्मिण शून्य. नवरा शून्य. ते तर मी डबडं यायच्या आधीपासनंच सांगतेय.

पारावर दूध कमी होतं. आबांच्या घरनं सहा म्हशींचं मिळून एक चरवी. मी बघितलं, त्यांनीबी बघितलं मी बघितलेलं.

७ फेब्रु.

शब्बीरभाई डबडं परत घेऊन आले. "भाभी, तुमचं गाव लाल दिसायलंय वो तिथं. साहेब म्हणाले, आणखी एकदा झालं तर मी ह्या रस्त्याला यायचं नाही."

गाडी बंद म्हणजे नुसतं दूध बंद नाही. त्याच गाडीतनं येताना पेंड येते. रानात काडी नाही, हिरीत थेंब नाही, पेंडीवर तर म्हशी उभ्या आहेत. पेंड थांबली की आठ दिवसांत बाजार. एकदा म्हशी गेल्या की गाव संपलं, मग सगळ्यांनीच कोयता घेऊन कारखाना गाठायचा.

आणि हे सगळं कशावर, तर साबणाच्या वडीवर.

१२ फेब्रु.

मीटिंग. आबा पुढं बसले, डबडं टेबलावर मधोमध. सत्यनारायणालाच बसल्यासारखे सगळे.

आबा म्हणाले, "एकादशीचं दूध इकायची आपल्याला काय हौस हाय का? पर मशीन मागायलंय. मशीनपुढं आपलं काय चालतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मशीन मागायलंय! दिवाळीपासनं ह्या सगळ्यांच्या जिवावर आलंय पारावर दूध ओतायचं. तोंडातनं काढायची लाज वाटत होती, आता डबड्याच्या तोंडातनं काढलं. खरं लिहायचं तर मलाबी घडीभर बरं वाटलं. म्हणलं, चला, आपल्या डोक्यावर नाही. मग स्वतःचाच राग आला.

उठून बोलले. "मशीन सगळ्यांचं मागत न्हाई. शून्य नको, एवढंच म्हणतंय. एका घरानं घातलं तरी भागतं. बाकीच्यांचं जाऊ द्या पारावर."

कुणीतरी म्हणलं, हां, हे बरं हाय. मग मी विचारलं, "कोण घालतंय?"

सगळ्यांनी मिळून विकायला सगळे तयार होते, एकट्यानं विकायला एकबी नाही. आबा म्हणाले, "माझ्या घरात माळकरी माणसं हायेत." मगाशी माळकरी कुठं गेलते काय माहीत. रुक्मिणची सून पोटुशी, तिला नको. कुणाचा नवस. कुणी नारायणगडाच्या देवाला शब्द दिलेला. सगळ्यांना देव एकदमच आठवला.

म्हणलं, "मी घालते." सगळ्यांनी श्वास सोडला.

घरी आले तर ह्यांचं तोंड एवढं. "माझ्या नावावर कावून?"

"डबड्यात म्हस तुमच्याच नावावर हाय की. टपरीवर न्हेऊन दाखवत होतात ना, आता दाखवा."

"माझ्या आईनं जल्मात एकादशीचं दूध इकलं न्हाई."

"तुमच्या आईकडं म्हस कुठं होती? ती माझ्या बापानं दिली."

जेवले नाहीत. भाकरी झाकून ठेवली.

१९ फेब्रु.

गयाबाई आलती संध्याकाळी. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"उंद्या हाय न्हवं गं एकादशी?"

"हाय."

"पारावर हाय न्हवं?"

तिला मीटिंगमधलं काही माहीत नाही. सभासद नाही ना ती. म्हणलं, हाय, या. पोरांचे आईबाप कधी येतील विचारलं. म्हणाली, कारखाना बंद झाला की. कारखाना कधी बंद होणार ते कुणाला ठावं.

२० फेब्रु. एकादशी.

कॅन उचलायच्या आधी हात जोडले. एवढी देवभोळी नाही मी, तरी जोडले. समोरनं सगळं गाव चरव्या घेऊन पाराकडं चाललेलं आणि मी एकटी उलटीकडं, डेअरीकडं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. आबांनी तर रस्ताच बदलला.

डबड्यात एका नावापुढं आकडा, बाकी सगळ्यांपुढं शून्य. केंद्र चालू, आता हिरवं होईल. शब्बीरभाईंनी तो एकच कॅन एवढ्या मोठ्या गाडीत ठेवला, दोरीनं बांधला.

पारावर गेले नंतर. दूध चांगलं निघालं आज, लाजेपोटी का होईना. गयाबाईच्या धाकट्यानं ग्लास पिऊन परत पुढं केला. दिलं त्याला. माझ्या म्हशीचं त्यात नव्हतं.

२३ फेब्रु.

टँकरच्या रांगेत रुक्मिण दुसरीला सांगत होती, मी मागंच उभी. "सुमनच्या घरानं एकादशी इकली." मीटिंगमध्ये श्वास सोडणाऱ्यांत ही पुढं होती. हंडा तिथंच तिच्या पायावर टाकावासा वाटला. टाकला नाही, पाणी वाया गेलं असतं.

ह्यांना टपरीवर 'एकादशीवाले' म्हणतात. आता जात नाहीत तिकडं. घरीच असतात आणि म्हशीकडं बघत बसतात.

अमोल येऊन गेला. हिरवं झालं म्हणून खूश. "बघा मॅडम, जमलं की नाही." पुण्याचं काय झालं विचारलं. कळवलंय म्हणाला.

२९ फेब्रु.

म्हैस आटायला लागली. व्यायला अजून लई दिवस आहेत, पण खायलाच नाही तर दूध कुठनं येणार. आज कासंडीचं बूड तेवढं भिजलं.

४ मार्च

आबांकडं गेले. म्हणलं, माझी आटलीय, परवा एकादशी, ह्या टायमाला दुसऱ्या घरानं घालावं. तुम्हीच घाला, सहा आहेत.

आबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "आता एकदा तुमच्या घराला लागलंच हाय सुमनबाई. तुमीच घाला. उगं दुसऱ्याचं घर कशाला बाटवायचं?"

म्हणलं, "आबा, मशीन तरी बरं. त्याला कळत न्हाई म्हणून ते असं बोलतं." निघून आले. घरी आल्यावर रडले. रागानंच.

रुक्मिणकडं गेले, तिच्या जावेकडं गेले. सगळीकडं तेच.

६ मार्च. एकादशी.

पहाटे म्हैस धुऊन, पेंड घालून बसले. थेंब नाही. मग हे म्हणाले, सरक, मी बघतो. लग्नापासनं पहिल्यांदा दुधाला बसले. म्हशीनं लाथ मारली, कासंडी पार गोठ्याबाहेर. गुडघा चोळत उठले आणि म्हणाले, "जा तू डेअरीत. बघू काय हुतंय." त्यांच्या गुडघ्याला हळद लावायला मी थांबले नाही, त्याचं वाईट वाटतंय.

डेअरी उघडून बसलेय. काटा पुसला. डबडं उघडलं. सगळ्या नावांपुढं शून्य टोचून झालं. आता शेवटचं टोचायचं तेवढं राहिलंय, ते शुअर म्हणून विचारतं ते. गाडी यायची आहे. दारातनं दिसतंय, माणसं पाराकडं चालली आहेत. चांगल्या भरलेल्या चरव्या आहेत. दोघातिघांनी हिकडं बघितलं. आत कुणी आलं नाही.

गयाबाई आली. पारावरनं सरळ हिकडंच. तांब्या पदराखाली झाकलेला.

"कुणीतरी म्हणलं तिथं, आज तुझ्याकडं दूध न्हाई, म्हणून गाडी बंद हुणार. खरं हाय का?"

खरं हाय म्हणलं.

"गाडी बंद झाली तर पेंड बंद. पेंड बंद तर म्हशी बाजारात. मग मला पारावर काय देतेत, पाला?" तिनं तांब्या टेबलावर ठेवला. "पोरं निम्मं निम्मं प्याली. हे उरल्यालं हाय. घे. लिव माझ्या नावावर."

तापवलेलं दूध संघ घेत नाही. तांब्याभर दूध काट्यावर धड दिसतबी नाही. आणि गयाबाई सभासद नाही, तिच्या दारात शेळीसुद्धा नाही. डबड्यातली सगळी नावं वरपासून खालपर्यंत सरकवली, उगंच. तिचं नव्हतंच.

"लिव की. कावून बघायलीस माझ्याकडं?"

ती पायरीवर बसलीय, माझी वाट बघत. मी हे लिहायलेय. काडी दुसऱ्या हातात आहे. तांब्या अजून कोमट आहे. शुअर सोडून नावांचं पान परत उघडलंय, डबडं विचारतंय, दूध कुणाचं. फाट्यावर शब्बीरभाईंचा हॉर्न वाजला.